जीवाणूंची विकरे, विषाणूंची वाढ आणि आपला रुग्ण

(वार्षिक सर्वसाधारण सभेनिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित मजकूर)



रुग्णालयाच्या वार्षिक सभेत खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांविषयी बोलण्याची प्रथा आहे. विश्वस्तांनी मला मात्र रुग्णसेवेशी संबंधित अशा एखाद्या वैज्ञानिक विषयाची मांडणी करण्यास सांगितले. मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या वॉर्डांपासून फार दूरचा वाटण्याचा संभव आहे. जीवाणूच्या पेशीत असलेली विकरे, म्हणजे एन्झाइम, त्याच जीवाणूवर हल्ला करणाऱ्या विषाणूच्या वाढीवर कसा परिणाम करतात, हा तो विषय होय. परंतु मधुमेहाच्या रुग्णाला टोचले जाणारे इन्सुलिन, नवजात बालकाला दिली जाणारी कावीळ-ब प्रतिबंधक लस, क्षयरोग्याच्या थुंकीची जलद तपासणी आणि सिकलसेलवरील नवा उपचार या चारही गोष्टींचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. शिवाय प्रतिजैविक केव्हा आणि कोणते द्यावे, या आपल्या रोजच्या निर्णयालाही हा विषय जाऊन भिडतो. म्हणून आपण थोडा वेळ संयमाने ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

जीवाणूंनाही संसर्ग होतो

जीवाणू माणसाला आजारी पाडतात हे सर्वांना ठाऊक आहे. जीवाणूंनाही विषाणूंचा संसर्ग होतो, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. जीवाणूंमध्ये वाढणाऱ्या अशा विषाणूंना बॅक्टेरिओफाज किंवा थोडक्यात फाज म्हणतात. मराठीत त्यांना जीवाणुभक्षक असे नाव आहे. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा स्वतंत्रपणे शोध लावला. त्यापूर्वी १८९६ मध्ये आग्रा येथील अर्नेस्ट हँकिन यांनी असे नोंदवले होते, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात आणि पाणी उकळले की त्याचा हा गुण नाहीसा होतो. तो परिणाम फाजमुळेच होता काय, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. पुढे द’हेरेल स्वतः १९२७ मध्ये भारतात आले आणि पटकीच्या रुग्णांवर फाजचा उपयोग होतो का, याचा अभ्यास त्यांनी येथे केला.

फाज शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. वसईच्या खाडीचे पाणी, वाडीतील बावखल, शेणखत, सांडपाण्याचा नाला आणि आपल्या प्रत्येकाचे आतडे, जेथे जेथे जीवाणू आहेत तेथे तेथे फाज आहेत. माणसाच्या पेशींत त्यांची वाढ होत नाही. इतकेच नव्हे, तर एका जातीच्या जीवाणूवर वाढणारा फाज दुसऱ्या जातीवर सहसा वाढत नाही, आणि पुष्कळदा त्याच जातीच्या दुसऱ्या वाणावरही वाढत नाही. असे का व्हावे? त्याच्या उत्तराचा एक भाग जीवाणूच्या बाह्य आवरणात आहे. फाजला चिकटण्यासाठी तेथे योग्य जागा असावी लागते. दुसरा, आणि आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक, भाग जीवाणूच्या आत असलेल्या विकरांत आहे.

विषाणूला साह्य करणारी विकरे

फाज म्हणजे प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेली जनुकीय सूचनांची एक तुकडी. त्याला स्वतःचा चयापचय नाही, ऊर्जा निर्माण करण्याची सोय नाही, प्रथिने घडवण्याची यंत्रणा नाही. टी-४ नावाचा फाज आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूवर बसतो, आपला डीएनए आत सोडतो आणि अनुकूल परिस्थितीत सुमारे २५ ते ३० मिनिटांत पेशी फुटून शंभर-दोनशे नवे फाज बाहेर पडतात. ही सारी निर्मिती जीवाणूच्या भांडवलावर होते.

या निर्मितीतील पहिले पाऊल म्हणजे डीएनएवरील सूचनांची आरएनएच्या रूपात नक्कल काढणे. हे काम आरएनए पॉलिमरेज नावाचे विकर करते. टी-४ फाजपाशी हे विकर नसते. तो जीवाणूचेच विकर ताब्यात घेतो आणि त्यात टप्प्याटप्प्याने फेरफार करून आपल्या सोयीप्रमाणे राबवतो. त्यामुळे जीवाणूचे हे विकर एखाद्या औषधाने बंद पाडले, तर जीवाणूबरोबर त्यातील फाजची वाढही थांबते. असे औषध आपल्या औषध विभागात रोज हाताळले जाते. ते म्हणजे क्षयरोगावरील रिफाम्पिसिन. ते जीवाणूच्या आरएनए पॉलिमरेजवर नेमके बसून त्याचे काम अडवते.

क्षयाच्या जंतूत या विकराच्या जनुकात लहानसा बदल झाला, की रिफाम्पिसिन तेथे बसू शकत नाही आणि औषध निरुपयोगी ठरते. थुंकीची जी जलद तपासणी सीबीनॅट या नावाने ओळखली जाते, ती नेमक्या याच जनुकातील बदल शोधते. गोव्यातील मोलबायो या कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट ही भारतीय चाचणीही याच तत्त्वावर रिफाम्पिसिन-प्रतिकार ओळखते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिला २०२० मध्ये मान्यता दिली. ज्या विकरावाचून फाजचे पान हलत नाही, त्याच विकराची प्रकृती पाहून आपण क्षयरोग्याला कोणते औषध द्यावे हे ठरवतो.

दुसरे उदाहरण टी-७ या फाजचे. हा फाज थोडा स्वावलंबी आहे. आरंभीची नक्कल जीवाणूच्या विकराकडून करून घेतल्यावर तो स्वतःचे आरएनए पॉलिमरेज तयार करतो. हे विकर इतके वेगवान आणि नेमके आहे, की प्रयोगशाळेत आरएनए तयार करण्यासाठी जगभर त्याचाच वापर होतो. कोविडवरील आरएनए लसींच्या निर्मितीतही त्याचा उपयोग झाला. मात्र आपल्या डीएनएच्या प्रती काढताना टी-७ पुन्हा परावलंबी होतो. त्याच्या डीएनए पॉलिमरेजला थायोरेडॉक्सिन हे जीवाणूचे एक लहानसे प्रथिन जोडीला लागते. ते नसेल तर विकर डीएनएच्या धाग्यावर थोडे अंतर जाऊन गळून पडते. थायोरेडॉक्सिन नसलेला ई. कोलाय प्रयोगशाळेत व्यवस्थित जगतो, पण टी-७ त्याच्यात वाढू शकत नाही. जीवाणूच्या दृष्टीने ज्याच्यावाचून निभावते, ते विषाणूच्या दृष्टीने अनिवार्य असू शकते, हे १९७० च्या दशकातील या संशोधनाने दाखवून दिले.

विषाणूला अडवणारी विकरे

आता दुसरी बाजू पाहू. जीवाणू ही लुबाडणूक निमूटपणे सहन करत नाही. त्याच्या प्रतिकाराचा पहिला सुगावा १९५२ मध्ये अमेरिकेत साल्वादोर लुरिया आणि मेरी ह्यूमन यांना लागला. टी-२ हा फाज त्यांनी ई. कोलायच्या एका विशिष्ट वाणात वाढवला. बाहेर पडलेले फाज नेहमीच्या ई. कोलायवर वाढेनात, जणू ते नाहीसेच झाले होते. एके दिवशी लुरियांची ई. कोलायची परीक्षानळी फुटली आणि त्यांनी जवळच्या सहकाऱ्याकडून अतिसाराचा शिगेला हा जंतू उसना आणला. ‘नाहीसे’ झालेले फाज शिगेलावर उत्तम वाढले! म्हणजे फाज शाबूत होते, नेहमीचा ई. कोलाय त्यांना आत आल्यावर नष्ट करत होता.

याचा उलगडा होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. टी-२ आपल्या डीएनएवर ग्लुकोजचे रेणू चढवतो आणि त्यासाठी लागणारा ग्लुकोजचा तयार पुरवठा जीवाणूकडून घेतो. लुरियांच्या विशिष्ट वाणात हा पुरवठा करणारे विकर सदोष होते. परिणामी उघड्या डीएनएचे फाज जन्माला आले. नेहमीच्या ई. कोलायमधील विकरे असा उघडा डीएनए ओळखून कापतात. शिगेलाच्या त्या वाणात ती विकरे नव्हती.

त्याच सुमारास विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या, अभ्यासकांनाही अशीच गोष्ट आढळली. टायफॉइडच्या जंतूंचे वाण ओळखण्यासाठी १९३८ पासून फाजचा वापर होऊ लागला होता. एकच मूळ फाज निरनिराळ्या वाणांत वाढवला की तो त्या त्या वाणाला ‘सरावतो’ आणि पुढे त्याच वाणावर जोमाने वाढतो. कोणत्या फाजने जंतू मरतो हे पाहून जंतूचा वाण ठरवता येतो आणि दोन गावांतील साथी एकाच उगमाच्या आहेत का, हे सांगता येते. १९५२ मध्ये फेलिक्स आणि अँडरसन यांनी दाखवले, की या सरावण्यातील काही प्रकार फाजच्या जनुकांत बदल न होता घडतात. ज्या पेशीत तो वाढला त्या पेशीची छाप त्याच्यावर उमटलेली असते. भारतात अनेक वर्षे अशा तपासणीसाठी जंतूंचे नमुने दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातील राष्ट्रीय केंद्राकडे जात असत. आता जगभर या पद्धतीची जागा बऱ्याच अंशी जनुकक्रम वाचण्याच्या तंत्राने घेतली आहे.

ही छाप म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपण जुन्या काळच्या जकात नाक्याचा दृष्टान्त घेऊ. नाक्यावरचा शिपाई प्रत्येक गाडी थांबवतो. मालावर त्या संस्थानाची मोहोर असेल तर गाडी सुटते. मोहोर नसेल किंवा परक्या संस्थानाची असेल तर माल जप्त होतो. जीवाणूत ही दोन्ही कामे करणारी विकरे असतात. एक विकर आपल्या डीएनएवर ठरावीक अक्षरक्रमाच्या जागी मिथिल गटाची मोहोर उमटवते. दुसरे विकर तोच अक्षरक्रम मोहोरेविना दिसला की डीएनए कापते. या दुसऱ्या प्रकाराला निर्बंधक विकर, इंग्रजी नावाने रिस्ट्रिक्शन एन्झाइम, म्हणतात.

लॅम्डा नावाच्या फाजवर हे प्रयोग अतिशय स्पष्टपणे झाले. ई. कोलायच्या ‘सी’ वाणात वाढलेले फाज ‘के’ वाणावर सोडले, तर दर दहा हजारांमागे जेमतेम काही तग धरतात. पण जे तग धरतात त्यांची संतती ‘के’ वाणावर बिनदिक्कत वाढते, कारण ती ‘के’ वाणाची मोहोर घेऊन बाहेर पडलेली असते. तीच संतती पुन्हा एकदा ‘सी’ वाणात वाढवली, की मोहोर जाते आणि फाज पूर्वीसारखा परका होतो. १९६२ मध्ये जिनिव्हा येथे वर्नर आर्बर आणि डेझी ड्युस्वा यांनी दाखवले, की परक्या फाजचा डीएनए पेशीत शिरल्यावर तुकडे तुकडे होऊन जातो.

१९७० मध्ये अमेरिकेतील हॅमिल्टन स्मिथ यांनी हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जंतूपासून असे एक विकर शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि ते सहा अक्षरांचा ठरावीक क्रम ओळखून तेथेच डीएनए कापते, हे सिद्ध केले. हाच जंतू लहान मुलांत न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवतो. त्याचा ‘हिब’ हा प्रकार आज पेंटाव्हॅलंट लसीत समाविष्ट आहे. मुंबईकरांनी अभिमानाने आठवण ठेवावी अशी गोष्ट म्हणजे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एन. के. नोतानी यांनी याच जंतूच्या जनुकीय रूपांतरणावर दीर्घकाळ संशोधन केले. १९७१ मध्ये डॅनियल नेथन्स यांनी स्मिथ यांच्या विकराने एका विषाणूच्या डीएनएचे अकरा तुकडे करून त्याचा नकाशा काढण्याचा मार्ग मोकळा केला. आर्बर, स्मिथ आणि नेथन्स यांना १९७८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डीएनए हव्या त्या जागी कापणारी कात्री हाती आल्यावर तुकडे जोडणे आणि एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात बसवणे शक्य झाले. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचे जनुक ई. कोलायमध्ये कार्यान्वित झाले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत या इन्सुलिनला परवानगी मिळाली. त्यापूर्वी रुग्णांना गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन घ्यावे लागे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये कावीळ-बची पुनर्संयोजित लस भारतात तयार करून बाजारात आणली आणि परदेशी लसीची महागडी किंमत आपल्याकडील कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागली. आपल्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या बालकाला चोवीस तासांच्या आत ही लस टोचली जाते, तेव्हा त्यामागे फाज का वाढत नाही या, त्या काळी निरुपयोगी वाटलेल्या, प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांचे श्रम असतात.

स्मरण ठेवणारी विकरे

निर्बंधक विकरे कोणताही परका डीएनए सरसकट अडवतात. काही जीवाणूंपाशी याहून सूक्ष्म व्यवस्था असते. हल्ला करून गेलेल्या फाजच्या डीएनएचा छोटा तुकडा ते आपल्या जनुकसंचात जपून ठेवतात आणि तोच फाज पुन्हा आला की त्या तुकड्याच्या नोंदीवरून त्याला ओळखून विकराकरवी कापतात. या व्यवस्थेला क्रिस्पर म्हणतात. या विचित्र पुनरावृत्त क्रमाची पहिली नोंद १९८७ मध्ये जपानमध्ये झाली होती. पण ती फाजविरुद्धची प्रतिकारशक्ती आहे याचा प्रयोगसिद्ध पुरावा २००७ मध्ये मिळाला. हे प्रयोग योगर्ट तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जीवाणूवर झाले. दुग्धव्यवसायात फाजमुळे विरजण बिघडणे ही जुनी डोकेदुखी असल्याने दुग्धउद्योगातील शास्त्रज्ञांना या प्रश्नात रस होता. २०१२ मध्ये इमॅन्युएल शारपेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी या विकराला हव्या त्या जागी नेऊन डीएनए कापता येतो हे दाखवले आणि २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या आपणांस हा भाग केवळ पुस्तकी नाही. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे वाहक आणि रुग्ण आढळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमियासाठी क्रिस्परवर आधारित उपचाराला जगात प्रथम परवानगी दिली. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांतील एका जागी कात्री चालवली जाते. त्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यात आली. ही रक्कम ऐकल्यावर पाड्यावरच्या रुग्णाला त्याचा काय उपयोग, असा प्रश्न कोणीही विचारील. तो रास्त आहे. आजच्या घडीला आपल्या रुग्णाचे आयुष्य वाढवणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: वेळेवर रक्ततपासणी, विवाहपूर्व समुपदेशन, हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, लसीकरण आणि तापात तत्काळ उपचार. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, तेही याच पायऱ्यांवर उभे आहे. नव्या उपचाराची वाट पाहताना या पायऱ्या कोणी गाळू नयेत.

विषाणूचे प्रत्युत्तर

येथवर ऐकून असे वाटेल, की जीवाणूने लढाई जिंकली. तसे झाले असते तर जगात फाज उरलेच नसते. टी-४ आपल्या डीएनएतील एक अक्षरच बदलतो आणि त्यावर ग्लुकोज चढवतो, जेणेकरून जीवाणूची कात्री चालू नये. टी-७ आत शिरताच असे एक प्रथिन तयार करतो, की त्याचा आकार डीएनएसारखा असतो. निर्बंधक विकर त्या तोतयालाच पकडून बसते. म्यू नावाचा फाज आपल्या डीएनएवर एक निराळेच आवरण चढवतो. या आवरणाचे जनुक केव्हा चालू व्हावे हे पुन्हा यजमान जीवाणूच्या विकरांवर अवलंबून असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. नागराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नियंत्रणाचा सखोल अभ्यास केला आहे. क्रिस्परलाही निष्प्रभ करणारी प्रथिने काही फाज बाळगतात, हे २०१३ मध्ये उघड झाले.

काही फाज तर लढतच नाहीत. ते जीवाणूच्या जनुकसंचात शांतपणे सामावून जातात आणि पेशी संकटात सापडली, तिचा डीएनए तुटू लागला, की जीवाणूच्याच रेकए या प्रथिनाचा इशारा घेऊन जागे होतात. असा मुक्काम रुग्णाच्या दृष्टीने घातक ठरू शकतो. घटसर्पाच्या जंतूचे विष फाजने आणलेल्या जनुकातून तयार होते. पटकीचे विष १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी दाखवून दिले. त्या विषाचे जनुकही एका फाजमार्फत जंतूत येते, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले.

फाज उपचार: आशा आणि मर्यादा

अलीकडे बाह्यरुग्ण विभागात एखादा सुशिक्षित नातेवाईक विचारतो, “डॉक्टरसाहेब, औषधे लागू पडत नाहीत, तर फाज का देत नाही?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. कार्बापेनेमसारखी राखीव प्रतिजैविके निकामी करणारे एनडीएम-१ हे विकर बाळगणारे जंतू मुंबईतील रुग्णालयात आढळल्याचे २०१० मध्येच प्रसिद्ध झाले होते.

जॉर्जियातील तिबिलिसी येथे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत फाज उपचाराची परंपरा अखंड चालू आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे टॉम पॅटरसन हे प्राध्यापक अॅसिनेटोबॅक्टरच्या संसर्गाने मरणासन्न झाले असता शिरेवाटे फाज देऊन वाचले. ब्रिटनमधील एका पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुसाच्या प्रत्यारोपणानंतर झालेल्या असाध्य संसर्गात तीन फाज दिले गेले आणि तिच्यात लक्षणीय सुधारणा झाल्याचा वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एक फाज दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे सडलेल्या वांग्यावर सापडला होता. इतर दोन फाज जीवाणूत मुक्काम करणारे होते. त्यांतील मुक्कामाचे जनुक काढून टाकल्यावरच ते उपयोगी पडले.

या यशकथांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक वेळी आधी रुग्णाच्या शरीरातील नेमका जंतू वेगळा काढला गेला आणि मग त्या जंतूवर कोणता फाज वाढतो हे प्रयोगशाळेत तपासले गेले. असे का करावे लागते, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. एका वाणात वाढवलेल्या फाजवर त्या वाणाची मोहोर असते. रुग्णाच्या जंतूत निराळी कात्री असली, तर तोच फाज निष्प्रभ ठरू शकतो. बाटलीवर फाजचे नाव छापून तो सर्वांना सारखाच देता येत नाही, याचे एक कारण यजमान जीवाणूच्या विकरांत आहे. भारतात हा उपचार अद्याप नियमित व्यवहारात रूढ झालेला नाही.

आपल्या रुग्णालयासाठी

मग या सगळ्यातून आपण काय घ्यावे? माझ्या मते एकच गोष्ट: जंतू आधी ओळखा. जीवाणूच्या दोन वाणांत एका विकराचा फरक असला, तर ज्या फाजपुढे पहिला कोसळतो त्याच फाजला दुसरा दाद देत नाही. प्रतिजैविकांचेही पुष्कळसे तसेच आहे. एका जंतूपाशी औषध फोडणारे विकर असते, शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या जंतूपाशी ते नसते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात. फरक कळतो तो कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी या तपासणीने.

पावसाळ्यात वसई-विरारच्या दवाखान्यांतून तापाचे रुग्ण रांगा लावतात. विडाल चाचणी सकारात्मक आली, की टायफॉइड ठरवून औषध सुरू केले जाते. ही चाचणी पूर्वीच्या संसर्गाने किंवा अन्य तापांतही सकारात्मक येऊ शकते, आणि कोणते औषध लागू पडेल हे ती मुळीच सांगत नाही. रक्ताचे कल्चर सांगते, पण त्यासाठी रक्त प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घ्यावे लागते. दोन दिवस दुकानातील गोळ्या खाऊन रुग्ण आमच्याकडे आला, की पुष्कळदा थाळीत काहीच उगवत नाही आणि आम्हांला अंदाजाने चालावे लागते. अत्यवस्थ रुग्णासाठी अहवालाची वाट पाहत बसावे, असे मी म्हणत नाही. नमुना घ्यावा, औषध तत्काळ सुरू करावे आणि अहवाल आल्यावर ते नेमके करावे. नमुना घेण्यास पाच मिनिटे लागतात; ती पाच मिनिटे वाचवण्याची किंमत पुढे कित्येक दिवस मोजावी लागते.

माझ्या डॉक्टर सहकाऱ्यांना म्हणून विनंती आहे, की राखीव प्रतिजैविक लिहिण्यापूर्वी कल्चर पाठवले आहे याची नोंद केसपेपरवर असावी. परिचारिका भगिनींना विनंती आहे, की रक्त घेण्यापूर्वी त्वचा नीट निर्जंतुक करावी, कारण त्वचेवरचा जंतू थाळीत वाढला तर निष्पाप जंतूवर उपचार होतो. नागरिकांनी औषधाच्या पट्टीवरील उभी लाल रेघ ओळखावी आणि असे औषध चिठ्ठीवाचून घेऊ नये. शुद्ध पाणी आणि लसीकरण यांना तर पर्यायच नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेद्वारे देण्यास सुरुवात केली. आपल्या महानगरानेही तिच्या अनुभवाचा विचार करावा.

शेवटी विश्वस्त आणि देणगीदार यांच्यापुढे एक निवेदन. खाट, रुग्णवाहिका, शस्त्रक्रियागृह यांसाठी देणगी देणे दात्याला समाधान देते, कारण ती वस्तू डोळ्यांना दिसते आणि तिच्यावर नाव कोरता येते. सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील थाळी दोन दिवसांत वापरून निर्जंतुक करून टाकून द्यावी लागते. तिच्यावर कोणाचेही नाव राहत नाही. पण गरीब रुग्णाच्या नातेवाइकाला कल्चरचा खर्च सांगितला, की तो आधी खिशाकडे पाहतो आणि पुष्कळदा म्हणतो, “साहेब, गोळ्याच द्या.” त्या क्षणी तपासणी वगळली जाते, महागडे इंजेक्शन अंदाजाने सुरू होते आणि शेवटी त्याचाच खर्च वाढतो. म्हणून दारिद्र्यरेषेखालील प्रत्येक आंतररुग्णाचे पहिले कल्चर विनामूल्य व्हावे, यासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा विचार मंडळाने करावा, अशी मी नम्र विनंती करतो. प्रयोगशाळेत पूर्णवेळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांना साह्य करणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ असणेही तितकेच आवश्यक आहे.

लुरियांना उसन्या जंतूने वाट दाखवली, आर्बर यांनी ती पुढे नेली आणि स्मिथ यांनी तिच्यातून जगाला कात्री दिली. त्यांच्यापैकी कोणीही आरंभी इन्सुलिनचा किंवा सिकलसेलचा विचार करत नव्हते. एका थाळीवर जंतू का मेला आणि दुसऱ्या थाळीवर का जगला, इतकेच त्यांना नीट पाहायचे होते. आपल्या प्रयोगशाळेतील थाळीही रोज हाच प्रश्न विचारते, आणि तिच्या उत्तरावर वॉर्डातील एखाद्या रुग्णाचे घरी परतणे अवलंबून असते. ती थाळी पाहणारी नजर आणि ती थाळी घेण्याची ऐपत या दोन्ही गोष्टी आपण या संस्थेत जपू या.